जमजमा म्हणजे काय, सर?

जुलै महिन्यातली गोष्ट. आठवीच्या वर्गात उर्दूची एक नज्म शिकवत होतो. बाग, सकाळ, दव, फुलं असं सगळं नेहमीचं होतं आणि त्यात एक शब्द आला, 'जमजमा'. माझ्या वर्गाचा एक नियम आहे. कठीण उर्दू शब्द आला की फळ्यावर त्याच्यासमोर मराठी शब्द लिहायचा, आणि मराठीच्या तासाला याच्या उलट करायचं. दोन्ही विषय मीच शिकवतो, त्यामुळे भांडण व्हायचा प्रश्न नाही.

मी 'जमजमा' लिहिलं आणि पुढे लिहिलं 'किलबिल'.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, किलबिल तो बहोत चिड्यों की होती ना? इधर तो एकच पक्षी है."

ती बरोबर होती. किलबिल ही अनेकांची असते. संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या पिंपळावर जी असते ती. एकट्या पक्ष्याची किलबिल होत नाही. मी ते पुसलं आणि 'कूजन' लिहिलं. आता वर्गातल्या एकालाही कूजन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. म्हणजे एका कठीण शब्दाचा अर्थ सांगायला मी दुसरा कठीण शब्द आणला होता. तास संपला, घंटा झाली, आणि जमजमा तसाच फळ्यावर राहिला.

घरी येऊन शब्दकोश उघडला. हा शब्द मोठा मजेदार निघाला. मूळ अरबी. दूरवर गडगडणारा मेघ, तोंडातल्या तोंडात केलेली गुणगुण, असे त्याचे जुने अर्थ. अग्निपूजक पारशी लोक ओठ न हलवता जे मंत्र पुटपुटत, त्यालाही अरब लेखक जमजमाच म्हणत. फारसीतून उर्दूत येईपर्यंत तो गाण्याचा आणि पक्ष्याच्या लहरत जाणाऱ्या आवाजाचा शब्द झाला. उर्दू शायरीत बुलबुल 'जमजमा-परदाज' असतो, आणि शायरही. शास्त्रीय संगीतात तर जमजमा हा एक अलंकार आहे. सितारवर डाव्या हाताचं एक बोट पडद्यावर ठेवून दुसऱ्या बोटाने शेजारच्या स्वराला झपाझप टिचक्या मारतात, त्याला जमजमा म्हणतात. आणि लाहोरच्या म्युझियमसमोर जी जुनी प्रचंड तोफ आहे, किपलिंगची 'किम' ही कादंबरी जिच्यावर बसलेल्या पोराने सुरू होते, तिचंही नाव जमजमा! पाखराच्या गळ्याला आणि तोफेच्या नळीला एकच शब्द. असं उर्दूच करू जाणे.

म्हणजे पक्षी, संगीत आणि कविता या तिन्हींचा थरथरता, वळणं घेणारा आवाज एका शब्दात मावला आहे. मराठीत तसा एक शब्द मला अजून सापडलेला नाही. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवावं. पण मराठीकडे दुसरी एक गोष्ट आहे, जी उर्दूकडे नाही, आणि ती सांगायला मला पावशाकडे जावं लागेल.

बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूर घाट लागतो. मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला पहाटे त्या घाटात थांबलं की पावशा ऐकू येतो. खामगाव रस्त्यावर बोथ्याच्या जंगलातही, म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्याच्या अंगाला, तो भरपूर. दिसायला शिकऱ्यासारखा, पण आवाज असा की एकदा ऐकला तर विसरता येत नाही. तीन तुकड्यांची एक हाक, प्रत्येक वेळी आधीपेक्षा वर चढवलेली, चढत चढत जवळजवळ किंचाळीपर्यंत जाते आणि एकदम तुटते. थोडा वेळ शांतता. पुन्हा खालून सुरू.

आमच्या भागातला शेतकरी या हाकेत ऐकतो, 'पेरते व्हा'. हिंदी-उर्दूवाला त्याच पक्ष्याला पपीहा म्हणतो आणि ऐकतो, 'पी कहाँ'. माझा प्रियकर कुठे आहे? इंग्रज साहेब उन्हाळ्यात टेबलावर पंख्याखाली घामाघूम झालेला, त्याने ऐकलं 'ब्रेन फीव्हर', आणि पुस्तकातही त्या पक्ष्याला तेच नाव देऊन टाकलं. पक्षी एक, गळा एक, चाल एक. कान तीन.

मी लहानपणी घरात 'पी कहाँ' ऐकलं आणि शेतात 'पेरते व्हा'. आमची दादी (म्हणजे वडिलांची आई) दखनी बोलायची आणि जात्यावर ओव्या मराठीत म्हणायची. त्यात अल्लाही यायचा, पंढरीही यायची, माहेरचा भाऊ तर असायचाच. ओवीच्या शेवटच्या शब्दावर ती आवाज असा हलवायची की जात्याच्या घरघरीत तो मिसळून जायचा. ती पावशाला दोन्ही नावांनी ओळखायची. तिला त्यात भाषांतर करावं लागत नव्हतं. मला करावं लागतं, कारण मी शिकलो.

उर्दूची परंपरा, फारसीतून आलेली असो वा व्रजभाषेतून, पक्ष्याच्या आवाजात विरह ऐकते. मराठी शेतकरी त्यात कामाची सूचना ऐकतो. आणि सूचनाही साधी नाही. 'पेरते व्हा' ऐकून तिफण जुंपली आणि नंतर वीस दिवस पाऊस आला नाही, तर दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर बसतो. सोयाबीनचं बियाणं, खत, मजुरी. आमच्या जिल्ह्यात ज्याच्या घरी हे घडलं नाही असं घर शोधावं लागेल. एका जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याला मी एकदा विचारलं होतं, काका, पावशाचं ऐकून खरंच पेरता का? ते म्हणाले, "पाखरू सांगून मोकयं झालं, मास्तर. पेराचं त आमाले हाय." यात जेवढी कविता आहे तेवढीच ती हिशेबाची वहीही आहे. मला वाटतं 'पी कहाँ' इतकाच हाही विरह आहे, फक्त पावसाचा.

पाठ्यपुस्तकातली कविता शिकवताना आपण हे सांगतो का? नाही. आपण शब्दार्थ देतो, 'कवीला काय म्हणायचे आहे ते चार ओळीत लिहा' हा प्रश्न देतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

बुलबुलाचं तर याहून गंमतीदार आहे. आमच्या शाळेच्या कुंपणावर मेंदी आहे, तिथे दरवर्षी बुलबुल घरटं करतो. काळी शेंडी, शेपटीखाली लाल डाग, मराठीत लालबुड्या बुलबुल. गझलेत ज्याच्यावर शेकडो वर्षं शेर लिहिले गेले तो हा नव्हे. तो इराणातला बुलबुल, ज्याला इंग्रज नाइटिंगेल म्हणतात. साधा तपकिरी, रात्री गाणारा. तो आपल्याकडे घरटं करत नाही. फारसी भाषा इथे आली, नाव बरोबर आलं, पक्षी मात्र तिकडेच राहिला, आणि नाव रिकामं कसं ठेवायचं म्हणून ते आपल्या शेंडीवाल्याला चिकटलं. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलं खिडकीकडे अशा नजरेने बघू लागली की जणू तो बुलबुल बनावट आधार कार्डावर राहतोय. तसं नाही. त्याचाही आवाज गोड आहे, फक्त त्याच्या नावावर दुसऱ्याचे शेर आहेत.

यातून पुढे सरोजिनी नायडूंची गंमत. इंग्रजीत त्यांना भारताची नाइटिंगेल म्हटलं गेलं. उर्दूत त्या बुलबुल-ए-हिंद झाल्या आणि मराठी-हिंदीत भारत कोकिळा. तीन भाषांत तीन वेगवेगळे पक्षी! शिवाय कोकिळा गातच नाही. कुहू कुहू करतो तो काळा नर, कोकीळ. मादी तपकिरी, अंगभर ठिपके, ती नुसतं किक् किक् करते. आपण गाणाऱ्या बाईला कोकिळा म्हणत आलो आणि कोकिळेच्या नवऱ्याचं श्रेय तिला देत आलो. (उर्दूवाल्यांनी हसू नये. बुलबुल हा शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी यावर आपल्या शायरांचं आजवर एकमत झालेलं नाही.) आणि इंग्रजीत वार्बलर, म्हणजे आवाज घोळवत गाणारा, असं ज्या छोट्या पाखरांचं नाव आहे, त्यांना मराठीने नाव दिलं 'वटवट्या'. ज्वारीच्या धुऱ्यावर राखी वटवट्या दिवसभर बोलत असतो. इंग्रजाला ते गाणं वाटलं, आपल्या माणसाला वटवट. ज्याला उन्हात काम करायचं असतं त्याला असं वाटणं साहजिक आहे.

आता संगीताकडे येतो, कारण खरं बोलायचं आहे ते तिथूनच सुरू होतं.

स्वर हलवणं, म्हणजे त्याला नुसतं सरळ उभं न करता थरथरवणं, वळवणं, शेजारच्या स्वरांना चाटून परत आणणं, याचं शास्त्र आपल्या मातीत लिहिलं गेलं आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, सिंघण राजाच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचे गृहस्थ होते. हिशेबखात्याचे वरिष्ठ अधिकारी, घराणं मूळचं काश्मीरचं. त्यांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. देवगिरी म्हणजे आजचं दौलताबाद, आमच्याकडून सकाळी निघून रात्री परत येता येईल इतकं जवळ. त्या ग्रंथात स्वराच्या कंपाला, ऐकणाऱ्याच्या मनाला सुखावणाऱ्या कंपाला, गमक म्हटलं आहे आणि गमकाचे 15 प्रकार मोजून दिले आहेत. त्याच ग्रंथपरंपरेत सात स्वर पशुपक्ष्यांशी जोडलेले आहेत. षड्ज मोराचा, पंचम कोकिळाचा. म्हणजे आपल्या पूर्वजांनी पक्ष्याचा गळा आणि माणसाचा गळा एकाच पाटीवर मांडला होता.

पुढे गमकाला मुरकी, खटका, हरकत, जमजमा असे शब्द येऊन मिळाले. काही संस्कृतातून, काही फारसीतून, काही रियाज करणाऱ्यांच्या तोंडातून. टप्पा हा गानप्रकार तर जवळजवळ नुसत्या मुरक्यांवरच चालतो. पंजाबातल्या उंटवाल्यांच्या गाण्यावरून शोरी मियाँनी लखनौला तो घडवला असं सांगतात. ग्वाल्हेरवाल्यांनी तो उचलला, आणि त्या गायकीची तालीम घेऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रात आले. तिकडे मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ येऊन राहिले. त्यांनी मराठी नाट्यपदं गाऊन ध्वनिमुद्रिका दिल्या. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. खाँसाहेबांची कन्या हिराबाई बडोदेकर. 1937 साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका स्टेशनावर खाँसाहेबांचं निधन झालं आणि त्यांना मिरजेत आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ दफन केलं. दर उरुसाला आजही तिथे मोठमोठे गवई हजेरी लावतात. मराठी माणसाच्या कानाला जो गोडवा लागला आहे, त्यात या लोकांचा वाटा किती हे मराठी माणसाला ठाऊक आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना मात्र ठाऊक नाही. त्यांना अब्दुल करीम खाँ हे नाव सांगितलं तर ते विचारतात, कोणत्या गावचे?

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. बाप हमाली करायचा. पोराचा गळा असा की मी आजवर दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही. दयाळ, टिटवी, पावशा, सगळ्यांचे आवाज काढायचा. पावशा तर असा काढायचा की वर्गाबाहेरून जाणारे लोक आभाळाकडे बघत. नात-ख्वानीत त्याला दरवर्षी बक्षीस. एक वर्ष मी त्याला तालुक्याच्या मराठी कवितागायन स्पर्धेत उतरवलं. बालकवींची कविता मी त्याला चाल लावून दिली, मला जेवढी येते तेवढी. शेवटच्या ओळीवर त्याने स्वतःच्या मनाने एक मुरकी घेतली. मी शिकवली नव्हती. कुठून आणलीस विचारलं तर म्हणाला, "वो दयाळ ऐसाच लेता ना सर, सुबह को."

दुसरा क्रमांक आला. बक्षीस देताना एक पाहुणे कौतुकाने माझ्या कानाशी म्हणाले, "छान गातो. पण सर, तुमच्यात हे चालतं का?" मी हसलो. आठवड्याने मुलाचे वडील शाळेत आले. मोहल्ल्यातल्या कुण्या वडीलधाऱ्याने त्यांना टोकलं होतं. आज कविता, उद्या स्टेज, परवा आणखी काही. ते हात जोडून म्हणाले, "सर, बच्चे को पढने भेजा मैं, गाने नई." आणि मी, ज्याच्याकडे बीएडची पदवी आहे, मानसशास्त्राचा पेपर ज्याने पहिल्या वर्गात काढला, तो मी म्हणालो, "ठीक है भाई, अब नहीं गाएगा."

पाहुण्यांचा प्रश्न आणि वडिलांची विनंती, दोन्हींचा अर्थ एकच होता, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. आणि दोघांनाही द्यायला उत्तर माझ्याजवळ होतं. मी ते दिलं नाही, कारण मला वाद नको होता. मोहल्ल्यात राहायचं होतं, शाळेत पटसंख्या टिकवायची होती.

ते उत्तर आज देतो.

कुरआनात हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्याबद्दल आहे की, पर्वतांना आणि पक्ष्यांना त्यांच्या सुरात सूर मिळवून अल्लाहचं गुणगान करायचा हुकूम झाला होता. सूर-ए-सबा काढून बघावी. 'लहन-ए-दाऊदी' हा शब्द आपण उगाच वापरत नाही. हजरत अबू मूसा अशअरी यांचं पठण ऐकून प्रेषितांनी त्यांच्या आवाजाची तुलना दाऊदच्या घराण्याच्या बासरीशी केली. आणि सहीह बुखारीत एक रिवायत आहे, जी मला सगळ्यात जवळची वाटते. मक्का फतह झाली त्या दिवशी प्रेषित सल्लल्लाहु अलैहि व सल्लम सांडणीवर बसून सूर-ए-फतह पढत होते आणि त्यांच्या पठणात 'तरजीअ' होती. तरजीअ म्हणजे आवाज घशात घोळवणं, परत परत फिरवणं, लहरवणं. ती सांगणाऱ्यांपैकी एक जण म्हणतात, लोक माझ्याभोवती गोळा होतील ही भीती नसती, तर मी ती तशीच करून दाखवली असती.

काही उलमांनी म्हटलं, ती लहर सांडणीच्या चालीमुळे आली. काहींनी म्हटलं, ती जाणूनबुजून होती. हा मतभेद जुना आहे आणि मी तो सोडवणारा कोण? वाद्यांबद्दलही मतभेद आहेत, ते मला ठाऊक आहेत, आणि ज्याचं मत कडक आहे त्याचा मी आदर करतो. पण एका हमालाच्या पोराने बालकवींच्या ओळीवर दयाळासारखी मुरकी घेतली, तबला नाही, पेटी नाही, स्टेजवर नाच नाही, तर ते कोणत्या मतभेदात बसतं? ज्या तोंडाने तो नात पढत होता त्याच तोंडाने तो कविता म्हणत होता. गळा हराम-हलाल असा दोन कप्प्यांत दिलेला नाही.

पक्ष्यांच्या गळ्याबद्दल नंतर वाचलं, तेव्हा या गोष्टीचा जास्त त्रास झाला. माणसाचा आवाज श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला, कंठात तयार होतो. पक्ष्याचं आवाजाचं यंत्र खाली असतं, श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे. गाणारे पक्षी त्या दोन फांद्या वेगवेगळ्या चालवू शकतात, म्हणून एक दयाळ एका दमात असं काही गातो जे दोन माणसांनाही जमणार नाही. पण यंत्र असून भागत नाही. दयाळ, बुलबुल, वटवट्या यांना गाणं शिकावं लागतं. पिल्लू आधी मोठ्यांचं ऐकतं, मग स्वतःशी बडबडतं, चुकतं, जुळवतं. केंब्रिजला थॉर्प नावाच्या शास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकात चॅफिंच पक्ष्याची पिल्लं मोठ्यांच्या आवाजापासून दूर वाढवली. ती मोठी होऊन गायली, पण ओबडधोबड. शिकण्याचा एक काळ असतो, आणि पुष्कळ जातींत तो काळ गेला की गेला.

कोकीळ आणि पावशा मात्र शिकत नाहीत. कोकिळाचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, पावशाचं सातभाईंच्या, आणि मोठेपणी बरोबर स्वतःचीच हाक देतं. त्यांना उस्ताद लागत नाही. आपण बहुतेक शिक्षक आणि पालक पोरांना कोकीळ समजतो. असेल अंगात तर येईल आपोआप, म्हणतो. पण पोरं दयाळाच्या जातीची असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत, आणि मराठी शाळेतही, कविता आवाजाने शिकवा. उर्दूत शेर वाचायच्या दोन रीती आहेत, तहत-उल-लफ्ज आणि तरन्नुम. जिगर मुरादाबादी तरन्नुमने मुशायरा लुटत. आमच्या शेजारच्या अमरावतीच्या सुरेश भटांनी मराठी गझल घरोघर पोचवली, तीही छापील पानावरूनच नव्हे, गळ्यातून. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते, फारसी-मराठी कोश त्यांनी केला आणि 'छंदोरचना' लिहिली, कारण वृत्त हे कानाचं काम आहे हे त्यांना कळत होतं. आणि आम्ही? आम्ही मुलांना वृत्ताचं नाव आणि गण पाठ करायला लावतो, एक गुण, आणि ती कविता त्या वृत्तात एकदाही म्हणवून घेत नाही. उर्दू माध्यमाच्या मुलांचं मराठी कच्चं, ही तक्रार मी वीस वर्षं ऐकतोय, स्वतःही करतोय. ज्या मुलाच्या कानात मराठीची चाल गेलीच नाही त्याचं मराठी पक्कं कुठून होणार? 'ळ' आणि 'ल' चा फरक वहीत नाही शिकवता येत. ओवी ऐकवली की अर्ध्या तासात येतो. मी करून पाहिलं आहे.

यावर सहकारी म्हणतात, अभ्यासक्रम कधी संपवायचा? प्रश्न रास्त आहे. त्याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. मी शनिवारच्या सकाळच्या शाळेत पहिल्या तासाची दहा मिनिटं घेतो. मुलांना कुंपणाशी उभं करतो. बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, आणि मग जे ऐकलं ते उर्दूत आणि मराठीत लिहायचं. पहिल्या शनिवारी सत्तावीसपैकी बावीस जणांनी लिहिलं, 'ट्रक'. रस्ता जवळ आहे आमचा. चौथ्या शनिवारपर्यंत टिटवी, होला, बुलबुल, आणि एकाने लिहिलं 'मुख्याध्यापकांची खुर्ची'. मुख्याध्यापकांना मी ते दाखवलं नाही.

कानाची अवस्था फक्त शाळेनेच बिघडवलेली नाही. संदल असो, गणपती असो, जयंती असो, लग्न असो, डीजेच्या भिंती लागतात आणि छातीत धडधडतं. त्यात गाणं कोणतं चाललंय तेही कळत नाही. या बाबतीत आपल्या दोन्ही समाजांत कमालीची एकता आहे. हॉलंडमध्ये लायडन शहरात 2003 साली अभ्यास झाला होता. गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट पक्षी खालचे स्वर सोडून वरच्या पट्टीत गातात असं दिसलं, कारण खालचे स्वर रहदारीत बुडतात. पक्षी पट्टी बदलतात. माणसं आवाज वाढवतात. आमच्या लहानपणी मशिदीत लाउडस्पीकर नव्हता. मुअज्जिन चाचा कानावर हात ठेवून अजान द्यायचे आणि शेवटचा शब्द लांबवत वाऱ्यावर सोडायचे. फजरच्या त्या आवाजाबरोबर चिंचेवरचा दयाळ सुरू व्हायचा. कोण आधी सुरू होतं यावर आम्ही पोरं पैज लावत असू. आता चार मशिदींचे आवाज एकमेकांत मिसळतात, आणि दयाळ गातही असेल, पण ऐकू येत नाही. हे लिहिल्याबद्दल काही जण माझ्यावर रागावतील. रागावोत. मी अजानबद्दल बोलत नाही, भोंग्याबद्दल बोलतोय, आणि वरच्या परिच्छेदातला डीजेही मी विसरलेलो नाही.

तो मुलगा आता तिशीकडे झुकलाय. खामगावच्या बाजूला एका जिनिंगमध्ये हंगामी काम करतो, उरलेल्या दिवसांत मिळेल ते. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात घाटाच्या वरच्या अंगाला एका टपरीवर भेटला. बायको, एक लहान मुलगी बरोबर. मला बघून चहा सोडून उठला, "अस्सलामु अलैकुम सर" म्हणाला. त्याला उठू नको म्हटलं. मुलगी रडत होती, तिला उन्हाचा त्रास होत होता. तिला गप्प करायला त्याने मान वर केली आणि पावशाची हाक दिली. खालून सुरू करून तीन-चार पायऱ्या चढवली. मोठेपणीच्या आवाजात ती थोडी जाड झालीय, पण तोडायची जागा तीच.

दरीतून उत्तर आलं.

मुलगी रडायची थांबली. तो माझ्याकडे बघून लाजल्यासारखा हसला. मी त्याला म्हटलं, शनिवारी सकाळी शाळेत येशील का, माझ्या पोरांना हे ऐकवायचं आहे. दहा मिनिटं फक्त. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "सर, उस टाइम पे आपने अब्बा को ना बोलना था."

मी हो म्हणालो.

"आता हूँ," तो म्हणाला. "पर इस शनिवार को नई, पहली पाळी है मेरी. अगले वाले को."